पंप सोड!

"सूनबाई, यात चूक आहे," अप्पा म्हणाले, आणि माझं डोकंच फिरलं.

डोकं फिरायला कारण होतं. मी बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढून पोट भरते. घरी लग्नपत्रिका आली तर आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग लग्न कुणाचं ते. आणि ज्या कागदावर बोट ठेवून माझे सासरे चूक दाखवत होते ती प्रुफं मी तीनदा वाचली होती! त्यांच्या जहाजाच्या लढाईला चाळीस वर्षं होत होती, त्यासाठी एक स्मरणिका निघत होती, ती नेमकी आमच्याच छापखान्यात आली होती. बारावं पान सबंध अप्पांचं. फोटो, पदक आणि पदकाबरोबर मिळालेलं मानपत्र. ते त्यांना आधी दाखवावं म्हणून मोठ्या तोऱ्यात मी प्रूफ घरी आणलं होतं.

"कुठे आहे चूक?" मी विचारलं. "वेलांटी का?"

"वेलांटी कसली? सगळंच."

मी मानपत्र पुन्हा वाचलं. ते आमच्या घरात पोरासोरांना पाठ आहे. 'जहाज बुडणार हे स्पष्ट दिसत असता, वर येण्याचा आदेश झुगारून, सोबती निघून गेल्यावरही, "येतो" एवढ्या एकाच शब्दात जगाचा निरोप घेऊन हा खलाशी आपल्या पंपापाशी उभा राहिला.' खरं सांगते, लग्न होऊन आले तेव्हा हे वाक्य पहिल्यांदा वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले होते.

"हे बघ," अप्पा म्हणाले, "मी काही झुगारलं नाही. निरोप तर कुणाचाच घेतला नाही. पण ते राहू दे, माझं काय व्हायचं ते होवो. हे 'सोबती निघून गेल्यावरही' आहे ना, तेवढं काढ."

"अप्पा, मानपत्राला हात लावता येत नाही. सरकारी मजकूर आहे. अगदी चुकीची वेलांटी असली तरी तशीच ठेवावी लागते."

"मग छापूच नका," असं म्हणून ते उठले आणि मोरीतला नळ गच्च बंद करून आले. तो आधीच बंद होता.

अप्पा कोण ते आता सांगायला हवं. आमच्या भागात त्यांना न ओळखणारा माणूस नाही, पण ते पदकामुळे नाही, नळांमुळे. नौदलातून आल्यावर वीस वर्षं ते इस्पितळात पंप सांभाळायला होते. आजही कुणाच्या घरचं पाणी गेलं की आधी अप्पांना हाक जाते. डावा कान लढाईतल्या स्फोटात गेला, म्हणून उजवा कान नळाला लावायचा, डोळे मिटायचे, आणि डॉक्टरने छाती तपासावी तसं सांगायचं, "हवा धरली आहे. दुसऱ्या मजल्यावर." आणि हवा तिथेच सापडायची! माझं लग्न ठरलं तेव्हा ते पहिल्यांदा आमच्याकडे आले. हात धुवायला गेले आणि बाहेर येऊन माझ्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "दाब फार कमी दिसतो हो तुमचा." वडील घाबरून म्हणाले, "छे, छे, रोज सकाळी गोळी घेतो ना!" आमच्या दोन्ही घरांचं सूत जुळलं ते त्या हसण्यात.

हे सगळं रक्तातच होतं म्हणा. अप्पांचे वडील गावाला पाणी सोडायचे. हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, सोबत हा सहा वर्षांचा मुलगा, आणि रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात उतरून एकेका वस्तीचा व्हॉल्व्ह फिरवायचा. "दोन नंबर सोड," "टाकीचा सोड." त्या घरात 'सोड' म्हणजे उघड. दुसरा अर्थच नव्हता! अप्पांची आई नवऱ्याला सांगायची, "आता तरी विडी सोडा." ते भसकन धूर सोडून म्हणायचे, "सोडतोच आहे की!" ती माउली कपाळावर हात मारून घ्यायची.

व्हॉल्व्ह उघडला की पलीकडच्या टोकाला नळापाशी उभ्या असलेल्या माणसाने ओरडून सांगायचं असतं. ते काम अप्पांचं. "येतंय! आलं! करंगळीएवढं! मनगटाएवढं!" ते ओरडणं दोन गल्ल्यांपलीकडे वडिलांना ऐकू जायचं. अठराव्या वर्षी नौदलात भरती झाले तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, "पोहता येतं का?" अप्पा म्हणाले, "नाही, पण पाण्याला पळवता येतं." त्यांना थेट तळाला, पंपांच्या खोलीत धाडलं.

आता ती लढाई. ती मी अप्पांच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे, आणि दर वेळी माझ्या हाताच्या मुठी वळतात.

भर दुपार. पंपांच्या खोलीत दोघं होते, अप्पा आणि त्यांचा जिवलग लांब्या. लांब्या इतका उंच की त्या खोलीत तो सहा वर्षं मान वाकडी करूनच वावरला. पंप दोन. एक नंबर चालू होता. दोन नंबर आठवडाभर बिघडलेला होता, आदल्या दिवशी या दोघांनी तो दुरुस्त केला होता, पण चालवून पाहिला नव्हता. आणि तेवढ्यात पुढच्या अंगाला असा काही दणका बसला की अप्पा भिंतीवर आपटले. दिवे गेले. एकच कंदील राहिला. अप्पांच्या कानांत नुसता भणभणाट. पाणी पायांत, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्याला! टेलिफोन मेला होता. वरच्याशी बोलायला भिंतीत एक पितळी नळी होती, तिच्यापाशी लांब्या उभा. नळीतून कप्तानसाहेबांचा आदेश आला. लांब्याने तो ऐकला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दोन नंबरपाशी उभ्या असलेल्या अप्पांना ओरडून सांगितला, "पंप सोड! वर चल!"

अप्पांना ऐकू आलं ते एवढंच, "पंप सोड!"

झालं! व्हॉल्व्हवाल्याचा मुलगा तो. त्याने दोन नंबरचं चाक दोन्ही हातांनी धरलं, जीव खाऊन फिरवलं, आणि पंप सोडला!

पुढचे चार तास ते त्या खोलीत एकटे होते. पाणी छातीपर्यंत चढलं. पंप मध्येच हवा धरायचा, ती काढायची. गाळणीत चिंध्या अडकायच्या, पाण्यात बुडी मारून त्या ओढायच्या, आणि पोहता येत नाही हे विसरून जायचं! आपण मरणार हे काही त्यांच्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात एकच होतं, की हा लांब्या दुसरा कंदील आणायला गेला असेल, तो उलथला कुठे? चार तास त्यांनी लांब्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हळूहळू पाणी कमरेला आलं, मग गुडघ्याला. जहाज तरलं. एकशे चाळीस माणसं तरली.

खोलीचं वरचं झाकण उघडलं तेव्हा वर सगळं जहाज गोळा झालेलं. गर्दीत लांब्याचा चेहरा दिसला, आणि अप्पांचा चार तासांचा राग तोंडाला आला, "पळाला होतास कुठे रे?"

कुणी बाजारात जाऊन उशिरा आला तरी आपण असंच विचारतो. पण एकशे चाळीस जणांनी तो प्रश्न ऐकला आणि मोठमोठ्याने हसले. त्या दिवसापासून लांब्याचं नाव पडलं 'पळ्या'. जेवायला बसला तरी पळ्या, हजेरीलाही पळ्या. वर्षभराने तो नौदल सोडून गेला. निरोप घ्यायलाही आला नाही.

हे असं होतं अप्पांचं दुखणं. पदक मिळालं त्याच दिवशी त्यांनी अधिकाऱ्याला सांगून पाहिलं, "साहेब, मी आदेश मोडला नाही, मला तो नीट ऐकूच आला नाही." अधिकाऱ्याने त्यांना मिठी मारली. "खरा शूर माणूस असाच बोलतो!" पुढे शाळाशाळांतून भाषणांना बोलावणी यायची. अप्पा उभे राहून सांगायचे, "मुलांनो, मी बहिरा होतो म्हणून वाचलो." टाळ्यांचा कडकडाट! मुख्याध्यापक डोळे पुसत म्हणायचे, "बघा, विनय म्हणजे काय असतो." बिचारे जितकं खरं बोलत तितके थोर ठरत. शेवटी त्यांनी भाषणं बंद केली आणि पदक वायसरांच्या डब्यात टाकून दिलं. अजून तिथेच आहे. मी नवीन असताना मोरीच्या नळाला वायसर शोधत होते, तेव्हा हाताला लागलं!

पण मानपत्रातला तो निरोप मला त्या संध्याकाळी पहिल्यांदाच खुपला. कामाची खोड! वाक्यात उगाचच आलेला शब्द मला झोपू देत नाही.

"अप्पा, हा 'येतो' कुठून आला मग?"

"कुणास ठाऊक. साहेब लोकांनी शोभेला घातला असेल."

"शोभेला घालायचा तर माणूस काहीतरी मोठं घालतो. 'मातृभूमीसाठी' वगैरे. 'येतो' कोण घालेल? हा ऐकलेला शब्द आहे, अप्पा. कुणीतरी तो ऐकलाय."

"मी नाही म्हटला."

"मग लांब्याकाकांना विचारू."

अप्पांनी पत्ता तोंडपाठ सांगितला. लांब्या याच शहरात होता, हे मला तेव्हा कळलं! बंदराच्या मागच्या रस्त्यावर शिवणयंत्रं दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. अप्पा तीनदा त्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले होते. मरणाला न घाबरलेला माणूस, आणि कोपरा ओलांडायची छाती होईना.

"या पानांचा फर्मा परवा सकाळी छपाईच्या मशीनवर चढणार," मी म्हटलं. "एकदा छापून झालं की आणखी चाळीस वर्षं तसंच राहील. चप्पल घाला."

आमच्या ह्यांनी मध्येच तोंड घातलं. "अगं, नसत्या भानगडी कशाला? उद्या पदक काढून घेतील."

"घेऊ देत," अप्पा म्हणाले आणि चप्पल घालू लागले. "वायसरांना जागा होईल."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. तिन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर शिवणयंत्रांची डोकी, मशीनच्या तेलाचा वास, आणि टेबलावर वाकलेला एक भला उंच म्हातारा. मान वाकडी. दार चांगलं उंच होतं, छत उंच होतं, पण मान काही सरळ झाली नव्हती. त्याने आमच्याकडे बघितलं. अप्पांकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग चष्मा पुसला.

"मशीन आणलंय का?" त्याने मला विचारलं.

"नाही काका. एक शब्द आणलाय."

"आम्ही शब्द दुरुस्त करत नाही."

"मी करते," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून बसले. इतक्या जवळ येऊन मी परत जाणार होते थोडीच! मी बारावं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते वाचलं नाही. पाठ असावं.

अप्पा दारातच उभे होते. तिथूनच म्हणाले, आणि त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं, "लांब्या, त्या दिवशी मी तुला 'पळाला होतास' म्हणालो. रागाने म्हणालो. मला वाटलं तू कंदील आणायला गेलास. मला वर यायचा आदेश ऐकूच आला नव्हता रे! 'पंप सोड' एवढंच आलं. मी सोडला."

लांब्याकाकाने हातातला पेचकस खाली ठेवला. "सोडला म्हणजे?"

"सोडला म्हणजे सोडला! चालू केला!"

"अरे गाढवा," लांब्याकाका हळूच म्हणाला, "सोड म्हणजे टाकून दे! टाकून दे आणि वर चल!"

"ते मला दुसऱ्या दिवशी कळलं."

शेजारच्या दुकानदाराने डोकावून पाहिलं, कारण आत दोन म्हातारे एकमेकांकडे बोटं दाखवून ओरडत होते आणि त्यांतला एक हसत होता की रडत होता ते समजत नव्हतं. पण लांब्याकाकाचं हसू लगेच मावळलं.

"मग मला 'येतो' का म्हणालास?" त्याने विचारलं.

सापडला! शब्द सापडला!

"मी?" अप्पा म्हणाले.

"तूच. मी ओरडलो 'वर चल', तू चाकावर वाकला होतास. मग तोंड वर करून तू ओरडलास, 'येतो! येतो!' मी म्हटलं, मागोमाग येतोय. म्हणून मी शिडी चढलो. तू तसं म्हणाला नसतास तर मी निघालो असतो का? वर कप्तान उभे. म्हणाले, 'दुसरा कुठाय?' मी सांगितलं, 'साहेब, येतो म्हणाला.' त्यांनीही नळीतून ऐकलं होतं ते. पाच मिनिटं झाली, तू येईनास. पंपाचा आवाज तर दुप्पट झालेला. तेव्हा ते म्हणाले, 'त्याने तुझा निरोप घेतला, आणि तू निघालास?'"

मग त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं पेरापासून नव्हती.

"झाकण बंद करायचा हुकूम झाला. मी मध्ये हात घातला. येतोय तो, थांबा म्हणालो. त्यांनी बंद केलं. सगळं जहाज म्हणालं, पळताना चेंगरली."

अप्पा आत आले. तो हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नुसता धरून ठेवला. आठ बोटांनी चाळीस वर्षं हा माणूस सुईच्या नेढ्याएवढे स्क्रू पिळत होता. पण माझं डोकं थांबेना. 'येतो'. एकच शब्द, आणि त्याचे दोन अर्थ. लांब्याकाकाने ऐकलं 'मागून येतो'. कप्तानसाहेबांनी ऐकलं 'बरंय, येतो आता', दारातून निघताना आपण म्हणतो तसं. आणि म्हणणाऱ्याला आठवतही नाही! ज्याला वर यायचा आदेशच ऐकू आला नाही तो 'येतो' कशाला म्हणेल?

मी अप्पांना विचारलं, "अप्पा, दोन नंबर सोडल्यावर तुम्ही पहिलं काय केलंत?"

"काट्याकडे बघितलं. दाबाच्या. आठवडाभर बंद पंप, दाब येतो की नाही कुणास ठाऊक."

"मग?"

"मग काय, काटा हलला! आधी नुसता थरथरला, मग चढायला लागला. असा आनंद झाला म्हणून सांगू! मी ओरडलो..."

अप्पांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"काय ओरडलात?"

"येतो," अप्पा पुटपुटले. "दाब येतो. येतो, येतो!"

अहो, मी स्टुलावरून उडालेच! सहा वर्षांचा असल्यापासून नळापाशी उभं राहून तेच तर ओरडायचा हा माणूस! पाणी असलं की येतंय, दाब असला की येतो! ना निरोप, ना वचन! पंपवाला पंपाची खबर देत होता, आणि त्या एका शब्दाने एकाचं पदक झालं आणि दुसऱ्याचा पळ्या. लांब्याकाका आधी शिवणयंत्राच्या डोक्यावर डोकं टेकून थरथरत राहिला. मला वाटलं रडतोय. वर बघितलं तर हसत होता, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या.

"दाब!" तो म्हणाला. "अरे मेल्या, दाब!"

पण हसून काम भागणार नव्हतं. कप्तानसाहेबांनी सही केलेलं मानपत्र होतं, तेव्हा त्यांनाच विचारायला हवं होतं. शेजारच्या दुकानातून फोन लावला. साहेब आता पंचाहत्तरीचे. अप्पांना फोनवर ऐकू येत नाही, लांब्याकाका रिसीव्हर हातात घेईना. मीच सगळं सांगितलं, धापा टाकत, एका दमात. सोड, येतो, पळाला, झाकण, बोटं.



"बोटं झाकणात गेली होती?" साहेबांनी विचारलं. "खालच्याला येऊ द्या म्हणून?"

"हो."

"ते झाकण माझ्या हुकमाने बंद झालं," ते म्हणाले. "आणि त्याची बोटं कशाने गेली हे मी विचारलंसुद्धा नाही." मग, "मानपत्र बदलता येत नाही म्हणता?"

"नाही साहेब. पण शुद्धिपत्र लावता येतं."

"ते काय असतं?"

"पुस्तकात चूक राहिली की एक वेगळी चिठ्ठी छापून आत घालतात. अमुक पान, अमुक ओळ, अशुद्ध हे, शुद्ध हे."

"लिहा," कप्तानसाहेब म्हणाले. "माझ्या सहीने. आणि समारंभात ते मी वाचणार. त्या दोघांना सांगा, हा आदेश आहे. नीट ऐकू जाईल असा सांगा."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जे काय धावले ते विचारू नका. मालक म्हणाले, आयत्या वेळी कागद कुठून आणू? मी म्हटलं, दुसऱ्या कामाच्या कात्रणांतून काढा. चिठ्ठी टीचभर, पण प्रुफं मी सात वेळा वाचली! 'पान बारा, ओळ चार. अशुद्ध: सोबती निघून गेल्यावरही. शुद्ध: सोबती आदेशानुसार वर आल्यावर, आणि खालच्या सोबत्यासाठी झाकण उघडे राहावे म्हणून त्याने आपली दोन बोटे गमावल्यावर. त्याच ओळीत. अशुद्ध: जगाचा निरोप घेऊन. शुद्ध: पंपास दाब येतो असे कळवून.' छापखान्यातली सगळी माणसं ती चिठ्ठी वाचून आधी हसली आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. पाचशे प्रतींत पाचशे चिठ्ठ्या मी माझ्या हाताने घातल्या.

समारंभ बंदराजवळच्या मोठ्या सभागृहात होता. अप्पा पहिल्या रांगेत, आम्ही त्यांच्या शेजारी. पदक मी वायसरांच्या डब्यातून काढून, घासूनपुसून त्यांच्या कोटाला लावलं होतं. त्याला अजून रबराचा वास येत होता. लांब्याकाका दिसत नव्हता. अप्पा दर मिनिटाला मागे वळून बघत होते. भाषणं सुरू झाली तरी वळत होते. माझा जीव नुसता टांगणीला! आता हा माणूस आला नाही तर शुद्धिपत्र वाचून काय उपयोग?

कप्तानसाहेब काठी टेकत माइकपाशी आले तेव्हा मागचं दार हळूच उघडलं आणि एक उंच माणूस मान वाकडी करून शेवटच्या रांगेत कडेला बसला. अप्पांना दिसलं. त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

साहेबांनी शुद्धिपत्र वाचलं. एकेक शब्द, सावकाश. दाबाची ओळ त्यांनी आधी घेतली, तेव्हा लोक खो खो हसले. बोटांशी आले तेव्हा जुन्या खलाशांच्या रांगांमध्ये माना खाली गेल्या. 'पळ्या' म्हणणारे सगळे तिथेच बसले होते, म्हातारे झालेले. एकेक जण मागे वळून बघू लागला. लांब्याकाका जमिनीकडे बघत होता.

"त्या दिवशी मी दोघांना आदेश दिला होता," साहेब माइकवर म्हणाले. "तो अजून पाळला गेलेला नाही. दोघंही वर या."

अप्पा उठले. पायऱ्या समोरच होत्या, चार पावलांवर. पण अप्पांनी तिकडे पाठ केली आणि मधल्या वाटेने ते मागे चालू लागले. शेवटच्या रांगेपर्यंत गेले. सगळं सभागृह वळून बघत होतं.

"तू हो पुढे," लांब्याकाकाने मान खाली घालूनच म्हटलं. "मी येतो."

"नाही," अप्पा म्हणाले. बहिऱ्या माणसाचं बोलणं ते, शेवटच्या खुर्चीपर्यंत लख्ख ऐकू गेलं. "त्या शब्दावर माझा विश्वास नाही. बरोबर चल."

त्यांनी त्याचा तीन बोटांचा हात धरला आणि त्याला उठवलं. त्यांना तिथून वर पोहोचायला बराच वेळ लागला, कारण वाटेत एकेका रांगेतली माणसं उभी राहत होती आणि लांब्याकाका प्रत्येकाला पुढे जायला वाट देत होता. त्याला कळतच नव्हतं की ती त्याच्यासाठी उभी आहेत.